जेवढा माल जास्त, तेवढा तोटा जास्त: 'द ऑफिस'चा एक एपिसोड आणि आपला रेट



मागच्या रविवारच्या 'रेट कसा काढायचा' या व्हिडिओत बोलता बोलता मी एका इंग्रजी सिरियलचं नाव घेतलं आणि पुढं निघून गेलो. तेव्हापासून विचारणारे थांबेनात. एकानं तर मोहटादेवी चौकात माझी गाडी थांबवली. "सर, जॉबवर्कचा रेट आणि अमेरिकेतली सिरियल, मेळ काय लागायला?" मेळ आहे. पण तो सिग्नलवर उभं राहून सांगण्यासारखा नाही आणि बारा मिनिटांच्या व्हिडिओतही मावत नाही. म्हणून आज लिहूनच काढतो.

आधी कबुली. मी या सिरियलचा भक्त आहे. घरात बायको-पोरं वैतागतात इतक्या वेळा मी ती बघितलेली आहे. तिच्यातला एक एपिसोड, नाव 'ब्रोक', म्हणजे कंगाल, मी वर्षातून दोनदा तरी लावतो. एकदा मार्चमध्ये हिशेब बंद करताना आणि एकदा दिवाळीच्या आधी, जेव्हा सगळ्यांना बोनस द्यायचा असतो आणि आपली येणी अडकलेली असतात.

ऑफिसवरची कॉमेडी आपल्याकडं नव्हती असं नाही. २००१ मध्ये सब टीव्हीवर 'ऑफिस ऑफिस' सुरू झाली. पंकज कपूरचा मुसद्दीलाल आणि काउंटरमागं बसलेली ती पाच जणांची टोळी. त्यातल्या उषाजी म्हणजे आपल्या आसावरी जोशी. त्याच्याही आधी, १९८८ मध्ये दूरदर्शनवर आर. के. लक्ष्मण यांचा 'वागळे' आला होता, अंजन श्रीवास्तव यांनी केलेला. दोन्ही मालिका मला आवडतात. पण मुसद्दीलाल काउंटरच्या अलीकडं उभा आहे आणि वागळे पगाराची वाट बघतोय. या दोघांतला कुणी उठून 'मी माझा धंदा टाकतो' म्हणत नाही. 'द ऑफिस'मधला मायकेल स्कॉट म्हणतो. म्हणून तो आपला माणूस.

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मूळ 'द ऑफिस' इंग्लंडची, बीबीसीची, २००१ ची. रिकी जर्वेस आणि स्टीफन मर्चंट या दोघांनी बनवलेली. तिच्यावरून अमेरिकेत एनबीसी चॅनेलनं २००५ ते २०१३ अशी नऊ सीझन चालवली. मी बोलतोय ती ही अमेरिकन. (२०१९ मध्ये हॉटस्टारवर हिंदीतही आली, फरिदाबादचं ऑफिस दाखवून. मी चार एपिसोड बघून सोडून दिली.) पेनसिल्व्हेनिया राज्यातलं स्क्रँटन नावाचं गाव, तिथं डंडर मिफ्लिन नावाच्या कागद विकणाऱ्या कंपनीची शाखा. शाखेचा मॅनेजर मायकेल, स्टीव्ह कॅरेलनं केलेला. माणूस वेडपट, बडबड्या, जिथं बोलू नये तिथं बोलणारा. पण गिऱ्हाईक सांभाळण्यात पक्का. सेल्समध्ये वाढलेला आहे तो.

पाचव्या सीझनमध्ये, २००९ च्या मार्च महिन्यात दाखवलेल्या भागात, वरच्या ऑफिसातून चार्ल्स मायनर नावाचा नवा साहेब येतो. इद्रिस एल्बानं केलाय, काय रुबाब आहे त्याचा! मायकेलला कंपनीत पंधरा वर्षं झालीत, त्याची पार्टी ठरलेली असते. हा साहेब ती रद्द करतो. मायकेल थेट न्यूयॉर्कला मोठ्या साहेबाकडं, डेव्हिड वॉलेसकडं जातो आणि बोलता बोलता राजीनामा देऊन मोकळा होतो.

पुढं काय करायचं हे ठरलेलं नसतं. दुसरी नोकरी मिळत नाही. मग डोक्यात येतं की आपणच कागदाची कंपनी काढू. नाव काय? मायकेल स्कॉट पेपर कंपनी. आपल्याकडं पाटी आधी रंगवतात आणि बँकेत खातं नंतर उघडतात, तसंच. सोबतीला दोघं. पॅम, जी इतकी वर्षं रिसेप्शनवर बसून कंटाळलेली आहे आणि जिला सेल्समध्ये जायचंय. आणि रायन, बिझनेस स्कूल शिकलेला पोरगा, एकेकाळी वरच्या ऑफिसात साहेब झालेला, तिथं घोटाळा करून खाली आलेला, आता बोलिंग खेळायच्या ठिकाणी बूट देतोय. मायकेल आपल्या आजीकडंही भांडवल मागायला जातो. आजी नाही म्हणते. हा सीन बघताना मी दर वेळेस खाली बघतो. माझी आई नाही म्हणाली नव्हती. तिनं पाटल्या काढून दिल्या होत्या.

ऑफिस मिळतं ते कुठं, तर त्याच बिल्डिंगमध्ये, डंडर मिफ्लिनच्याच खाली. अडगळीची खोली. तिघं कोंबून बसलेले. वरच्या संडासाचा पाइप तिथून गेलेला, कुणी फ्लश केलं की आवाज यांच्या डोक्यावर. पहिल्या दिवसांत फोन वाजत नाही म्हणून तिघं एकमेकांवर खेकसतात. आणि मग एक फोन येतो. पहिली ऑर्डर. ते नाचणं बघा. ज्यानं कधी पहिली पीओ हातात घेतलीय त्याला ते नाटक वाटणार नाही.

आता 'ब्रोक'कडं येतो. हा एपिसोड २३ एप्रिल २००९ ला दाखवला गेला आणि त्याचं दिग्दर्शन खुद्द स्टीव्ह कॅरेलचं आहे. सुरुवात पहाटे होते. अंधार आहे. डिलिव्हरीसाठी माणूस ठेवायला पैसे नाहीत, म्हणून तिघंच सेकंडहँड व्हॅनमध्ये कागदाचे खोके भरून घरोघर, म्हणजे ऑफिसोऑफिस टाकतायत. ती व्हॅन आधी एका कोरियन चर्चची होती. त्यामुळं रस्त्यात उभी असलेली चर्चची बाई आपली गाडी आली समजून आत चढून बसते.

मी हसतो, पण जरा वेगळ्या कारणानं. २०१२ मध्ये इथंच, वाळूज एमआयडीसीत एका शेडचा अर्धा भाग भाड्यानं घेऊन मी टर्निंगचं जॉबवर्क करत होतो. सेकंडहँड सीएनसी आणि सेकंडहँड ओम्नी. ओम्नीवर एका मंगल कार्यालयाचं नाव होतं, ते खरवडायलाही वेळ मिळाला नव्हता. सकाळी साडेपाचला ट्रे भरून निघालो की लग्नसराईत पंढरपूरच्या कमानीपाशी लोक हात करायचे. एकदा एक आजोबा वऱ्हाडाची गाडी समजून दार उघडायला लागले. त्यांना समोरच्या सीटवर बसवून मी कोलगेट चौकापर्यंत सोडलं होतं. मागं साडेचारशे पीस, पुढं फेटा बांधलेले आजोबा.

तर मायकेलची कंपनी चालायला लागलेली असते. नुसती चालत नाही, पळत असते. डंडर मिफ्लिनची मोठी गिऱ्हाइकं एकेक करून खाली अडगळीच्या खोलीत येतायत. कारण सोपं आहे, यांचा रेट सगळ्यात कमी. तिघं दमलेत, झोप नाही, पण खूश आहेत. ऑर्डरी येतायत म्हणजे धंदा चांगला, नाही का?

मग ते एका हिशेबनिसाला बसवतात. तो आकडे बघतो आणि सरळ सांगतो की तुमचे रेट फार कमी आहेत. रायन म्हणतो, रेट कमी आहेत म्हणूनच तर आम्ही टिकून आहोत. हिशेबनीस म्हणतो, नाही, त्यामुळंच तुम्ही बुडताय. रायननं जो हिशेब मांडलेला असतो त्यात खर्च एका जागी उभा आहे. धंदा वाढला तरी खर्च तेवढाच. हिशेबनीस सांगतो की माल वाढला की डिलिव्हरीला माणूस लागेल, माणसाला विमा लागेल, जागा लागेल. आजच्या रेटनं तुम्ही जेवढा कागद जास्त विकाल तेवढे पैसे कमी उरतील.

मायकेलला हे कळत नाही. पण कळत नाही असं म्हणायचं नाही म्हणून तो 'या दोघांसाठी जरा समजावून सांग' असं म्हणतो. माझ्या बॅचमध्ये दर वेळेस एक जण असतो जो मित्राचं नाव पुढं करून प्रश्न विचारतो. त्याला माझा नमस्कार. निदान तो विचारतो तरी.

आणि मग ते म्हणतात, पुन्हा आकडे काढ. हिशेबनीस म्हणतो, अहो, हा कॉम्प्युटर आहे, पुन्हा काढलं तरी तेच येणार. तरी काढ! तो एक बटण दाबतो. तिघं स्क्रीनकडं बघतायत. आकडा तोच. इथं सगळं जग हसतं. मी २०१२ च्या डिसेंबरमध्ये एकाच रात्रीत कॅल्क्युलेटरवर सहा वेळा तेच आकडे मारले होते. सहाव्या वेळेस उत्तर बदलेल असं मला मनापासून वाटत होतं.

माझा हिशेब सांगून टाकतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. सुरुवातीला पीसला सहा रुपये मिळायचे. एक शिफ्ट, पाचशे पीस, महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे ७५,००० रुपये. मशीनचा हप्ता, शेडचं भाडं, वीज, इन्सर्ट आणि कूलंट मिळून ५२,००० जायचे. उरायचे २३,०००. ऑपरेटर मीच. मग साहेब म्हणाले, डबल घ्या, पण रेट सव्वापाच करा. मी लगेच हो म्हणालो. डबल शब्द ऐकल्यावर पुढचं कुणाला ऐकू येतं? महिन्याचं बिल झालं १,३१,२५० रुपये. गल्लीत मी पेढे वाटले. आणि खर्च? रात्रीच्या शिफ्टला ऑपरेटर आला, हेल्पर आला. ओम्नीत माल मावेना म्हणून टेम्पो आला. रात्री मी शेडवर नसल्यामुळं रिजेक्शन वाढलं आणि त्याच्या डेबिट नोटा आल्या. पैसे नव्वद दिवसांनी मिळायला लागले म्हणून सीसी खात्याचं व्याज आलं. सगळं मिळून १,२२,०००. उरले ९,२५०. धंदा पावणेदोन पट आणि हातात निम्म्याहून कमी. शिवाय सगळ्या गल्लीला वाटतंय की याचं लय जोरात चाललंय.

चूक साहेबांची होती असं मी म्हणणार नाही. त्यांनी रेट मागितला, मी दिला. नव्वद दिवस मात्र त्यांची चूक होती. २००६ चा एमएसएमई कायदा तेव्हाही होता. लेखी करार असला तरी पंचेचाळीस दिवसांच्या वर जाता येत नाही, करार नसेल तर पंधराच दिवस, आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दर महिन्याला चक्रवाढ व्याज. मला हे माहीतच नव्हतं. माहीत असतं तरी एकुलत्या एका गिऱ्हाइकाला मी नोटीस धाडली असती का? खरं सांगू, नसती धाडली. आता २०२३-२४ पासून इन्कम टॅक्समध्येही तरतूद आलीय की सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे या मुदतीत दिले नाहीत तर घेणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी दाखवता येत नाही. त्यामुळं निदान मार्चमध्ये तरी फोन उचलतात. यावर वेगळा व्हिडिओ करतो, इथं विषय भरकटेल.

परत एपिसोडवर. हिशेब कळल्यावर तिघं गिऱ्हाइकांना फोन लावतात की रेट वाढवावा लागेल. कुणी तयार होत नाही. का होईल? ते कागदासाठी आलेच नव्हते, रेटसाठी आले होते. ही जागा लिहिणाऱ्यांनी फार बारकाईनं पकडलीय. मायकेलची गिऱ्हाइकांशी पंधरा वर्षांची ओळख आहे, तो त्यांच्याशी गप्पा मारू शकतो, त्यांच्या घरचं विचारू शकतो, आणि तरीही त्यानं दुकान मांडलं ते रेटवर. जी त्याची खरी ताकद होती ती त्यानं फुकट वाटली. पॅम कोसळते. तिनं पगाराची नोकरी सोडलेली आहे, लग्न ठरलेलं आहे. जेना फिशरनं ते रडणं फार साधं केलंय.

आता गंमत बघा. खाली हे बुडतायत आणि वर डंडर मिफ्लिनला वाटतंय की आपणच बुडतोय! इतकी गिऱ्हाइकं गेल्यावर डेव्हिड वॉलेस स्वतः स्क्रँटनला येतो. यांना विकत घेऊन विषय संपवा असं ठरतं. खालच्यांची तिजोरी रिकामी आहे याची कुणकुण एकट्या ड्वाइटला लागलेली असते. तो सांगायला बघतो आणि जिम, पॅमचा होणारा नवरा, त्याला बोलू देत नाही. मग मायकेल, पॅम आणि रायनला बैठकीला बोलावतात.

पहिली ऑफर १२,००० डॉलर. तिघं बाहेर जाऊन उड्या मारतात. मग डोकं चालतं की एवढ्या सहज बारा देतायत म्हणजे घाबरलेत. आकडा चढत चढत ६०,००० वर जातो. आणि मायकेल तेही नको म्हणतो. त्याला पैसे नकोतच. त्याला नोकरी परत हवीय. आणि एकट्याला नाही. पॅमला सेल्समध्ये घ्या, रायनला घ्या, पूर्ण पगार आणि सवलतींसकट. समोरून त्याला ऐकवलं जातं की तुमची कंपनी अशी किती दिवस टिकणार. त्यावर मायकेलचं ते प्रसिद्ध उत्तर आहे. त्याचा आशय असा की मला तुमची कंपनी बुडायची वाट बघायची नाहीये, फक्त डेव्हिड, तुमची खुर्ची जायची वाट बघायचीय. भागधारकांची सभा जवळ आलीय, तिथं तुम्ही काय सांगणार? आणि माझी कंपनी उद्या बुडली तर परवा मी दुसरी काढेन, मग तिसरी. माझ्याकडं नावांना तोटा नाही.

इंटरनेटवर या एका मिनिटाच्या तुकड्यावर लोक फिदा आहेत. बिझनेस शिकवणारे माझे काही मित्र तो स्टेटसला ठेवतात. मायकेल शेर, मायकेल वाघ. माझं इथं जरा वेगळं मत आहे. मायकेल तिथं जिंकला त्यात त्याचा धंदा कुठंच नव्हता. समोरच्याला त्याच्या खात्यातला आकडा माहीत नव्हता, एवढंच. जिमनं ड्वाइटला दहा सेकंद बोलू दिलं असतं तर बाराशे डॉलरही मिळाले नसते. आणि शिवाय प्रत्येक मायकेलच्या डोक्यावर डंडर मिफ्लिनचं ऑफिस नसतं. आपण सव्वापाचला माल देऊन बुडालो तर आपल्याला विकत घ्यायला कुणी डेव्हिड वॉलेस येत नाही. सहाव्या दिवशी पलीकडच्या गल्लीतला दुसरा कुणी पाच रुपयांत तेच काम घेतो. वाळूजमध्ये हे रोज घडतं, तुम्हाला मी काय सांगू.

मला तो सीन आवडतो तो दुसऱ्या कारणासाठी. नोकऱ्या मागताना तो तीन मागतो. हातात साठ हजार डॉलर आलेले असताना.

मी २०१३ च्या मे महिन्यात शेड सोडली. मशीन फायनान्सवाल्यांनी नेलं. ज्यांचं काम करायचो त्यांच्याच ओळखीनं मला एका कंपनीत क्वालिटीला नोकरी लागली. रात्रपाळीचा माझा ऑपरेटर जिंतूरकडचा होता, माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. त्यानं शेवटचे दोन महिने निम्म्या पगारावर काढले होते, न मागता. नोकरी मिळतेय म्हटल्यावर मी माझं नाव दिलं, माझे कागद दिले, जॉइन झालो. त्याच्यासाठी एक शब्द टाकावा हे मला सुचलंच नाही असं नाही. सुचलं होतं. पण वाटलं, दोघांचं म्हटलं तर माझंही जाईल. तो गावाकडं परत गेला. राहिलेला पगार मी त्याला पुढच्या दीड वर्षात थोडा थोडा करून दिला. त्यानं दर वेळेस फोन करून 'मिळाले दादा' एवढंच सांगितलं.

'ब्रोक' मी पहिल्यांदा बघितला तो २०१६ मध्ये, कंपनीच्या बसमध्ये, मोबाइलवर, पुढच्या सीटवरच्या पोराच्या खांद्यावरून. नंतर घरी येऊन पूर्ण लावला. मायकेलनं तिघांचं नाव घेतलं तेव्हा मी थांबवून ठेवला आणि बाहेर जाऊन उभा राहिलो. बायकोला वाटलं, हसून हसून ठसका लागला.

असो. हे लिहायचं खरं निमित्त सांगतो.

गेल्या महिन्याच्या बॅचला एक ताई येतात. बजाजनगरमध्येच राहतात, डब्याचा धंदा. कंपन्यांत काम करणारी एकटी पोरं इथं किती आहेत हे तुम्हाला माहीत आहे. रांजणगाव, जोगेश्वरी, वडगाव, एकेका खोलीत चार-चार. ताईंचे चाळीस डबे आहेत, दोन्ही वेळचे, महिन्याला २,८०० रुपये. किराणा, भाजी, गॅस मिळून एका गिऱ्हाइकाला १,७५० पडतात. स्वयंपाक त्या आणि सासूबाई करतात, डबे त्यांचे मिस्टर फर्स्ट शिफ्टला जाता जाता आणि संध्याकाळी आल्यावर पोचवतात. राहतात १,०५० गुणिले चाळीस, ४२,००० रुपये. तीन माणसांच्या मेहनतीचे, पण रोख आणि वेळेवर.

त्यांना एका लेबर कॉन्ट्रॅक्टरनं विचारलं. साठ डबे एकदम. रेट २,५००. पेमेंट बिलानंतर पंचेचाळीस दिवसांनी. ताई बॅचला आल्या त्याच आनंदात. "सर, साठ वाढायलेत, आणि तुम्ही तोंड वाकडं करायले!"

मी फळ्यावर काही लिहिलं नाही. प्रोजेक्टर लावला आणि त्या हिशेबनिसाचा सीन दाखवला, मध्ये मध्ये थांबवून मराठीत सांगत. पोरं हसली. ताई हसल्या नाहीत. त्यांनी वहीचं मागचं पान काढलं आणि स्वतःच मांडायला लागल्या. मी फक्त एकेक प्रश्न विचारत होतो.

शंभर डबे दोघींना झेपतील का? नाही, पोळ्यांना दोन बायका लागतील, प्रत्येकी नऊ हजार. मिस्टरांच्या मोटरसायकलवर शंभर डबे? नाही, पोरगा लागेल, बारा हजार, आणि पेट्रोल तीन हजार. स्वयंपाक याच घरात? नाही, शेजारची खोली घ्यावी लागेल, सहा हजार. एकूण ३९,०००. आणि मग एक प्रश्न असा होता जो त्यांनीच विचारला. "जुन्या चाळीस जणांना कळणारच की पलीकडं अडीच हजारांत द्यायलेत. मग तेही मागतील." म्हणजे सगळ्यांनाच २,५००. एका डब्यामागं राहिले ७५०. गुणिले शंभर, ७५,०००. वजा ३९,०००. उरले ३६,०००.

चाळीस डब्यांना बेचाळीस हजार. शंभर डब्यांना छत्तीस हजार.

त्यांनी ते तीनदा मोजलं. मी काही बोललो नाही. मला माहीत होतं की त्या बटण दाबतायत.

आणि उधारीचं अजून मांडलंच नव्हतं. महिना संपल्यावर बिल, बिलानंतर पंचेचाळीस दिवस. पहिला पैसा हातात येईपर्यंत अडीच महिने साठ जणांना स्वतःच्या पैशानं जेवू घालायचं. साठ गुणिले १,७५० म्हणजे महिन्याला १,०५,०००, अडीच महिन्यांचे २,६२,५००. किराणावाला एवढं थांबत नाही. भाजीवाली तर दुसऱ्या दिवशीही थांबत नाही. बॅचमधला एक पोरगा म्हणाला, "मुद्रा लोन काढा ना ताई." ताईंनी त्याच्याकडं अशी बघितलं की तो वहीत तोंड घालून बसला.

हा खर्च पायरीसारखा चढतो, हे मी नेहमी सांगतो. चाळीसच्या जागी बेचाळीस डबे झाले तर काही बदलत नाही, किराणा तेवढा वाढतो. पण पंचावन्न-साठच्या आसपास कुठंतरी एकदम पोळ्यांची बाई लागते, पुढं एकदम गाडी लागते, मग खोली. ती पायरी नेमकी कितव्या डब्यावर आहे हे ज्याचं त्यालाच माहीत असतं, आणि बहुतेकांनी ते कधी मोजलेलं नसतं. मशीनचंही तसंच. मला माझी पायरी शेड सोडल्यावर कळली. रायन तर बिझनेस स्कूल शिकलेला होता, त्यालाही नाही कळली, म्हणजे आपण फार वाईट वाटून घ्यायचं कारण नाही.

ताईंनी नाही म्हणायचं का? मी तसं म्हटलं नाही. मोठी ऑर्डर नाकारा असं मी कधीच शिकवत नाही, पोट सगळ्यांना आहे. त्यांनी घरी जाऊन सासूबाईंशी बोलून दुसराच आकडा काढला. पंधरा डबे घेऊ, साठ नाही. पोळ्यांना एकच बाई लागेल आणि डबे मिस्टर दोन फेऱ्या मारून टाकतील. रेट २,९००, कारण मोठ्या टिफिनमध्ये रस्सा वेगळा बांधून द्यायचाय. पैसे दर शनिवारी. वाढतात पंधरा गुणिले ११५०, म्हणजे १७,२५०, त्यातून बाईचे नऊ हजार गेले तरी आठ हजार वर राहतात. जुन्या चाळीस जणांचा रेट जागेवर.

कॉन्ट्रॅक्टरला त्यांनी परवा हे सांगितलं. तो म्हणाला, "ताई, तुमच्यापेक्षा कमी रेटनं द्यायला माझ्याकडं तीन जण तयार आहेत." ताई म्हणाल्या, "द्या ना मग त्यांना." मला फोनवर हे सांगताना त्यांचा आवाज थोडा कापत होता. मी विचारलं, मग काय म्हणाला तो? "काही नाही सर. शनिवारी सांगतो म्हणला."

आज शुक्रवार आहे.